बत्तीस म्हाताऱ्या उंदरांची मास्तरीण

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणतात. नव्या भाडेकरूला वाटतं, असेल कुठल्या शाळेत. कसली शाळा! ही बाई गेली बावीस वर्षं उंदरांना शिकवते. शिकवते म्हणजे पाण्यात सोडते, ते किती लवकर शहाणे होतात ते बघते आणि वहीत लिहून ठेवते. औषधांवर संशोधन करणारी एक संस्था आहे, तिच्या तळमजल्यावर जिन्यामागची शेवटची खोली, ती हिची. नणंदेने कितीतरी वर्षं नातेवाइकांत "वहिनी औषधांच्या लायनीत आहे" एवढंच सांगितलं. पुढे कोणी उंदरांचं विचारलं, की नणंदबाईंना नेमकी तहान लागायची.

त्या महिन्यात मास्तरणीचं डोकं सतत तापलेलं होतं, आणि त्याचं मूळ होतं उजव्या गुडघ्यात. गुडघा तीन वर्षांपासून कुरकुरत होता. बदलायला हवा हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दोनदा तारीख दिली, आणि दोन्ही वेळा मॅडमनी "ताई, एवढी उंदरांची तुकडी होऊ द्या हो" म्हणून ती पुढे ढकलायला लावली. मॅडम म्हणजे तिच्या साहेब. स्वभावाने वाईट नाहीत, पण बसतात दुसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षांत उंदराला हात लावलेला नाही, आणि उंदीर का घाबरला, यावर मात्र तासभर बोलू शकतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. या वेळी तिसरी तारीख मिळाली होती, अठरा. डॉक्टरांच्या मदतनिसाने बजावलं होतं, "बाई, ही चुकली तर पुढची थेट सात महिन्यांनी. आणि तोवर तुम्ही जिना उतराल की जिना तुम्हाला उतरवेल, सांगता येत नाही."

म्हणून मास्तरणीने शपथ घेतली होती. काहीही होवो, अठराला गुडघा म्हणजे गुडघा.

आता कामाचं सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. खोलीच्या मधोमध एक मोठा गोल टब. चार बायकांनी कडेने उभं राहून चादरी धुवाव्यात एवढा. त्यात कोमट पाणी, आणि त्या पाण्यात मुलांच्या चित्रकलेचा पांढरा रंग कालवलेला, म्हणजे तळाचं काही दिसत नाही. पाण्याखाली बोटभर खोल एका जागी छोटासा चौकोनी ठोकळा असतो. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, पण मास्तरीण त्याला पाट म्हणते, आणि तिच्यामुळे सगळी संस्था पाटच म्हणते. उंदराला पोहता येतं पण आवडत नाही. तो गरगर फिरतो, फिरता फिरता पाटावर पाय टेकतो आणि हुश्श करतो. दुसऱ्या दिवशी जरा लवकर सापडतो. पाचव्या दिवसापर्यंत हुशार उंदीर सोडल्यासोडल्या सरळ पाटाकडे निघतो.

त्याला कळतं कसं? भिंतींवर मोठमोठी चित्रं लावलेली असतात, एकीकडे त्रिकोण, एकीकडे गोल, एकीकडे पट्टे, एकीकडे फुली. आपण नाही का सांगत, औषधाच्या दुकानासमोरून डावीकडे वळा! तसं उंदीर मनात धरतो, त्रिकोणाच्या थोडं अलीकडे. सहाव्या दिवशी परीक्षा. त्या दिवशी पाट काढून घ्यायचा, उंदराला एक मिनिट सोडायचं, आणि तो कुठे शोधतो ते बघायचं. छताला कॅमेरा आहे, तो प्रत्येकाच्या पोहण्याची रेघ काढतो. पाटाच्या जागीच घिरट्या घातल्या, तर याला आठवतंय. सगळीकडे भटकला, तर पाटी कोरी.

या वेळचे बत्तीस उंदीर म्हातारे होते. वीस महिन्यांचा उंदीर म्हणजे माणसाची साठी. म्हातारपणी आठवण टिकावी म्हणून मॅडम नऊ वर्षं एका औषधाच्या मागे लागल्या होत्या. सोळा जणांना ते औषध, सोळा जणांना नुसतं गोड पाणी. कोणाला काय, ती यादी मॅडमच्या कपाटात कुलपात, म्हणजे मास्तरणीने कोणाची बाजू घ्यायला नको. आणि म्हातारा उंदीर तयार मिळत नाही बरं का, तो म्हातारा होईपर्यंत सांभाळावा लागतो. या बत्तीसांना तिने वीस महिने सांभाळलं होतं. कोण चिडका, कोण आळशी, कोणाचा कान फुटतो, सगळं तिला पाठ. सात नंबरला ती "आमचा खडूस" म्हणायची, आणि चिडली की नवऱ्यालाही सात नंबर म्हणायची.

नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करतो. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याचा एकच उतारा. दार करकरलं, तेल घाल. मूल रडलं, तेल घाल. गुडघ्याचं सांगितलं तेव्हाही म्हणाला, "ऑपरेशन कशाला? तेल..."

"पुढचा शब्द काढलात तर त्याच तेलात तुम्हाला तळेन," असं म्हणून तिने विषय मिटवला होता.

चार तारखेपासून शिकवणी सुरू झाली. बत्तीस उंदीर, प्रत्येकाच्या दिवसाला चार फेऱ्या, म्हणजे एकशे अठ्ठावीस वेळा वाका, सोडा, उचला, पुसा, दिव्याच्या उबेला ठेवा. नियम असा, की उंदराला पाण्यात सोडलं की माणसाने कोपऱ्यातल्या पडद्यामागे जायचं. उंदराला खोलीत फक्त चित्रं दिसली पाहिजेत, माणूस नाही. हा नियम मास्तरणीने आजवर डझनभर शिकाऊ पोरींच्या डोक्यात ठोकून बसवला होता. एकीला तर तिने पडद्यामागे ढकललंही होतं.

पण एकशे अठ्ठावीस वेळा पडद्यापर्यंत जायचं आणि यायचं, त्या गुडघ्याने? पहिल्या दिवशी दहाव्या फेरीलाच तिच्या तोंडून अशी शिवी निघाली, की टबातला उंदीर पोहायचा थांबला. मग तिने पडदा बाजूला करून दोरीने बांधून टाकला, एक उंच स्टूल आणलं आणि टबाला लागून, पाट जिथे होता त्याच कडेला ठेवलं. बसल्या बसल्या हात घातला की उंदीर वर. आपण काय हलतोय-बोलतोय थोडेच, असं तिने स्वतःची समजूत घातली. बाई मुकाट बसली की तिला वाटतं आपण कोणाला दिसत नाही. स्वयंपाकघरात हा अनुभव तिला रोज येत होता म्हणा.

आणि उंदीर काय शिकले! तिसऱ्या दिवशी सगळे सुसाट. मॅडम दुसऱ्या मजल्यावरून आकडे बघून खाली उतरल्या, हीच मोठी गोष्ट.

"ताई, हे म्हातारे आहेत की तरणेताठे? गोड पाण्यावाल्यांपैकीही कोणी मागे दिसत नाही!"

"माझ्या हाताखालचे आहेत," मास्तरीण म्हणाली, आणि दिवसभर गुडघा जरा कमी दुखला.

नऊ तारखेला परीक्षा. सकाळी येऊन बघते तर स्टूल गायब. बाहेर वायरमन त्यावर चढून ट्यूबलाइटशी झटापट करत होता.

"अरे ए, माझं स्टूल!"

"मावशी, पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत. मागच्या वेळी पंखा काढलास तो दोन उन्हाळे मिळाला नाही."

पण तिला थांबून चालणार नव्हतं. उंदरांची वेळ ठरलेली, नऊ म्हणजे नऊ. शेवटी पुटपुटत ती पलीकडच्या दारापाशी गेली, तिथल्या कपाटाला टेकली आणि परीक्षा सुरू केली. एकेक उंदीर सोडला, मिनिटाने जाळीने काढला. बत्तीसावा निघेपर्यंत गुडघ्याचा भोपळा झाला होता.

दुपारी मॅडम रेघा बघायला आल्या. पाटाच्या जागी कोणी फिरकलंही नव्हतं. ना औषधवाले, ना पाण्यावाले. मॅडमनी रेघा उलटसुलट करून पाहिल्या.

"एकालाही आठवत नाहीये, ताई. पाच दिवस शिकले आणि एका रात्रीत सगळं साफ."

"असं कसं होईल?"

"झालंय की समोर. औषध फुकट आहे. वरचे लोक गेल्या वर्षीच म्हणत होते, बंद करा. सोमवारी मी पत्र देते." मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "नऊ वर्षं हो," एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या.

मास्तरणीला औषधाचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला तो उंदरांचा. माझे म्हातारे नापास? काल सात नंबर पाच सेकंदांत पाटावर चढला होता, आणि आज त्याला काहीच ठाऊक नाही? तिने रेघा पुन्हा लावल्या. एक बघितली, दुसरी बघितली, दहावी बघितली आणि तिचा हात थांबला. विसरलेला उंदीर सगळीकडे भटकतो. हे भटकले नव्हते. हे सगळेच्या सगळे सरळ एकाच बाजूला गेले होते आणि तिथेच घिरट्या घालत होते. दाराच्या बाजूला.

दाराच्या बाजूला काय होतं? ना त्रिकोण, ना पट्टे. दाराच्या बाजूला कपाट होतं, आणि कपाटाला टेकून ती उभी होती.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली.

पाच दिवस त्या मेल्यांनी चित्रांकडे बघितलंच नव्हतं. त्यांचा हिशोब सोपा होता. ही जाडी बाई जिकडे बसते तिकडे पाट असतो, आणि पाट नसला तरी हीच शेवटी बाहेर काढते. म्हणजे बाईकडे चला! आठवण छान होती त्यांची, फक्त पाटाची नव्हती, तिची होती. बावीस वर्षं जो नियम दुसऱ्यांना शिकवला तो तिनेच दोरीने बांधून ठेवला, आणि नापास झालं ते औषध.

घरी आली ती भांडी आपटतच. नवऱ्याने दोन भांडी सोसली, तिसऱ्याला विचारलं, "सात नंबर मीच ना? काय केलं मी?"

तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग सांगू नकोस."

"काय?"

"मॅडमना कळणार आहे का? वायरमनला कळणार नाही, उंदीर बोलणार नाहीत. सांगितलंस की त्या म्हणणार, पुन्हा करा. पुन्हा केलंस की अठरा तारीख गेली. मग आणखी सात महिने रोज तुला हा जिना मीच उतरवायचा ना? माझी कंबर बघ."

"आणि त्यांची नऊ वर्षं?"

"तुझी तीन वर्षं कोणी मोजली?"

यावर तिने चौथं भांडं आपटलं. जेवणं उरकतात तोच नणंदेचा फोन. तिला भावाने आधीच बातमी पोचवली होती, त्या घरात काही टिकत नाही. "वहिनी, तू काही बोलू नकोस हं. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"वन्सं, बावीस वर्षं तुम्ही माझ्या उंदरांचं नाव घेतलं नाहीत. आजच कसं घेतलंत?"

पलीकडे नणंदबाईंना तहान लागली.

रात्रभर ती हाच विचार करत कूस बदलत राहिली, आणि कूस बदलली की गुडघा ओरडत होता, गप्प बस, गप्प बस. सांगितलं तर तारीखही जाणार आणि आब्रूही. नाही सांगितलं तर कोणाचंच काही बिघडत नाही, फक्त एक औषध मरतं, आणि तेही तिच्या स्टुलाखाली चिरडून. सकाळी तिने डब्यात पोळीऐवजी कालच्या वर्तमानपत्राची घडी भरली, आणि मग मात्र ठरवलं. असं डोकं घेऊन सात दिवससुद्धा काढता यायचे नाहीत.

मॅडमच्या खोलीत ती उभीच राहिली. बसलं असतं तर उठायला वेळ लागला असता, आणि काही वाक्यं बोलून लगेच निघता आलं पाहिजे.

"पत्र देऊ नका. औषध नापास नाही, मी नापास आहे." आणि तिने पडदा, दोरी, स्टूल, सगळं सांगून टाकलं.

मॅडम आधी पांढऱ्या झाल्या, मग लाल. "ताई, तुम्ही? तुम्ही! अहो, पडद्यावरून तुम्ही मला एकदा ओरडला होतात!"

"होते."

"वीस महिन्यांचे उंदीर! दुसरे आणायचे म्हणजे दोन वर्षं!"

"माहीत आहे. मीच वाढवलेत."

मॅडम खोलीत तीन फेऱ्या मारून आल्या. मग एकदम थांबल्या. "म्हणजे औषध... अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. लागू पडतंही असेल."

"तेच सांगतेय मघापासून."

"मग हेच उंदीर, पाटाची जागा बदलू, पडदा सोडू आणि नव्याने शिकवू. उद्यापासून!"

"उद्या नाही. म्हाताऱ्यांना आठवडा विश्रांती लागते, नाहीतर थंडी भरून मरतील. सतरापासून शिकवणी, बावीसला परीक्षा."

"चालेल. सतरा."

"सतराला मी दवाखान्यात भरती होतेय. अठराला गुडघा."

मॅडमनी हात जोडले. हे हात जोडणं मास्तरणीने दोनदा पाहिलं होतं. "ताई, एवढी तुकडी..."

आणि मग बाईचा बांध फुटला. "नाही! चूक माझी, कबूल. पण ती का झाली? तुमच्या दोन तुकड्यांसाठी दोन तारखा घालवल्या म्हणून झाली. हा पाय तेव्हाच बदलला असता तर मी टणाटण पडद्यामागे गेले असते. आता तिसऱ्यांदा त्याच लंगड्या पायावर तुम्हाला खरे आकडे हवेत? नाही मिळायचे!"

"मग उंदीर कोण धरणार? त्यांना तुमच्या हाताची सवय."

"आठवडा आहे. तुमच्या हाताची लावू."

मॅडमनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू ते कोणी आत्ताच आणून दिलेत.

तो आठवडा मास्तरणीच्या आयुष्यातला सगळ्यात वैतागाचा. उंदीर परवडला, पण शिकलेलं माणूस शिकवायचं म्हणजे नाकी नऊ. पहिल्या दिवशी मॅडम अत्तर लावून आल्या. बत्तीस नाकं एकदम पिंजऱ्यातल्या भुशात शिरली. "धुऊन या. साबणाने. कोपरापर्यंत." दुसऱ्या दिवशी उंदराला शेपटीने उचललं. "शेपटी म्हणजे पिशवीचा बंद आहे का? ओंजळ करा, ओंजळ!" तिसऱ्या दिवशी सात नंबरने कडकडून चावा घेतला, आणि मॅडम "आई गं" म्हणून ओरडल्या.

"पिंजऱ्याचं झाकण?" मास्तरणीने विचारलं.

"लावलं."

"बघा."

उघडंच होतं. चौथ्या दिवशीही उघडं. पाचव्या दिवशी तिने झाकणावर भिंतीवरच्यासारखी मोठी फुली काढली. सोळा तारखेपर्यंत मॅडम न सांगता हात धुऊन येऊ लागल्या, सात नंबर त्यांच्या ओंजळीत बसून मिशा पुसू लागला, आणि मास्तरणीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, शिकतात, पण सावकाश.

अठराला तिला आत नेलं, तेव्हा फोन नवऱ्याकडे होता. मॅडमचा फोन आलाच.

"ताई आहेत का? एक उंदीर पोहतच नाहीये, नुसता तरंगतोय!"

"ती आत आहे. तेल घालून बघा," नवरा म्हणाला.

हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. नवा गुडघा नसता तर ती पलंगावरून उतरून त्याच्या मागे लागली असती. पुढचे चार दिवस वॉर्डात हाच प्रकार. "तरंगणाऱ्याला ओरडू नका, पाणी गार झालं असेल, हात घालून बघा." "थकला असेल तर सोडा त्याला." "रडू नका हो, तो कानवाला असाच गोल फिरतो." शेजारच्या पलंगावरच्या आजींनी न राहवून विचारलं, "घरात कोण इतकं आजारी आहे गं?"

"सगळेच, आजी."

बावीसला संध्याकाळी मॅडम स्वतः आल्या. बोटांना तीन पट्ट्या, हातात कागदांची गुंडाळी, आणि कपड्यांना उंदरांचा वास. नर्सने नाक मुरडलं. मास्तरणीला बरं वाटलं.

"पडद्यामागे उभी होते मी पूर्ण वेळ," मॅडम म्हणाल्या. "आधीच्यासारखे सुसाट नाहीत हं. निम्मेही नाहीत. तीन दिवस तर नुसते भिरभिरत होते. मग रेघा झाल्यावर कुलपातली यादी काढली. औषधवाल्या सोळांपैकी नऊ जण पाटाच्या जागी शोधत होते. पाण्यावाले चार."

"नऊ आणि चार."

"हो. अजून एकदा करून बघायला हवं, नवे उंदीर म्हातारे झाले की. पण पत्र मी फाडलं."

मास्तरीण पांघरुणाची कड उगीच सरळ करत राहिली.

"अहवालात पहिल्या फेरीचं काय लिहायचं, तेवढं विचारायचं होतं," मॅडमनी आवाज खाली आणला. "काही तांत्रिक अडचण, असं लिहू का? तुमचं नाव कुठे येणार नाही."

"तांत्रिक अडचण!" शेजारच्या आजी दचकल्या. "वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून? उद्या तिसरीच कोणी बाई, पाय दुखतो म्हणून पडदा बांधून ठेवेल आणि उंदरांसमोर ठाण मांडून बसेल. नीट लिहा. पडदा बांधला होता, माणूस पाटाच्या बाजूला बसला होता, उंदीर माणसाकडे गेले. आणि का बांधला होता तेही लिहा."

"आणि नाव?"

"नाव घाला किंवा नका घालू," मास्तरीण म्हणाली, "गुडघा मात्र घाला."